निष्ठेची मुदत

आमच्या कंपनीच्या कागदात तिला निष्ठा म्हणतात.
पोर्तुगीजमध्ये तो शब्द कानाला बरा लागतो,
चर्चमध्ये उच्चारल्यासारखा.
अर्थ एवढाच: चोवीस महिने हलायचं नाही.
हललात, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मोजा.

मातोझिन्यूशच्या मासळीबाजारामागं आमचं दुकान.
दार उघडं राहिलं की भाजल्या सार्डिनचा वास आत येतो
आणि काचेतल्या नव्या फोनांवर बसतो.
मी क्रमांक पुकारतो.
सदतीस.

दोना देओलिंदा उठल्या.
चाळीस वर्षं कारखान्यात डबे भरलेले हात,
डोक्याशी शेपूट, शेपटीशी डोकं;
त्याच शिस्तीत त्यांनी टेबलावर कागद मांडले:
नवऱ्याचं ओळखपत्र, मृत्यूचा दाखला,
चार महिन्यांची बिलं, चारही भरलेली.
"अदेलिनो आता कुणाला फोन करणार नाही," म्हणाल्या.
"बंद कर."

मी पडद्यावर पाहिलं.
निष्ठा: अकरा महिने शिल्लक.

काय बोलायचं ते आम्हाला शिकवलंय.
आधी सांत्वन, तीन सेकंद.
मग, करार तुमच्या नावावर करून घ्या ना,
मग, हवं तर दोन महिने सिनेमे फुकट.
सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं,
उसने मागायला आलेल्या भाच्याचं ऐकावं तसं.

"एक सांग," म्हणाल्या,
"वेदीपुढं मी शब्द दिला होता, मरणापर्यंत.
देवानं तिथं हिशेब मिटवला.
तुझी कंपनी त्याच्याही पुढची?"

रांगेत कुणीतरी हसलं.
मी नाही हसलो. माझ्या डोक्यावर कॅमेरा आहे.

"मग पुस्तक आण."

लाल पुठ्ठ्याचं, तक्रारींचं पुस्तक.
ह्या देशात न्हाव्यापासून बँकेपर्यंत
प्रत्येकाकडं ते असावंच लागतं,
मागितलं की द्यावंच लागतं.
तशी पाटीही भिंतीवर आहे. तिच्यापुढं आम्ही
नव्या ऑफरचा पुठ्ठ्याचा माणूस उभा केलाय,
दात दाखवणारा.

पुस्तक मागितलं तर सांगायचं असतं:
किल्ली साहेबांकडे, साहेब जेवायला गेलेत.

किल्ली माझ्याच खणात होती.

माझा करार एजन्सीशी, महिन्याचा.
दर तीस तारखेला निरोप येतो,
पुढचा महिना आहे, किंवा नाही.
त्या कागदात निष्ठा हा शब्द कुठंच नाही.
मी शोधला होता.

मी पुस्तक आणलं. पेन दिलं.
"दाबून लिहा," म्हटलं, "खाली अजून दोन प्रती आहेत."
माझं शौर्य म्हणाल तर एवढंच.

त्या लिहीत राहिल्या. चौथीपर्यंतचं अक्षर,
मोठं, उभं, ओळीच्या बाहेर पाय टाकणारं.
मध्येच कंपनीचं स्पेलिंग विचारलं,
मी एकेक अक्षर सांगितलं, हळू आवाजात,
चोराचं वर्णन पोलिसांना सांगावं तसं.
अडतीस, एकोणचाळीस, चाळीस खोळंबले होते,
कुणी कुरकुरलं नाही.
पान संपलं. त्या उलटू लागल्या.
"एवढंच असतं," मी म्हटलं.
"एवढंच?" क्षणभर विचार केला त्यांनी.
"बरं. मग त्याचं घोरणं राहू दे."

एक प्रत वर जाते.
एक त्यांनी चार घड्या घालून पाकिटात ठेवली,
दाखल्याच्या शेजारी.
तिसरी पुस्तकातच राहते. त्या तिसऱ्या पानावरही
प्रत्येक अक्षर नीट उमटलं होतं,
खालच्या कोऱ्या पानावर बोट फिरवलं
तरी हाताला लागत होतं.

पुढं काय झालं ते दुकानापर्यंत येत नाही.

रात्री शटर ओढण्याआधी
पुठ्ठ्याचा माणूस मी हातभर डावीकडं सरकवला.
सकाळी आलो तर तो परत पाटीपुढं.
मी पुन्हा सरकवला.
आज सत्तावीस तारीख आहे.