ठण आणि बद्द

रविवारच्या गायनात मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं.
तेरावं वर्ष, भुसावळचं चर्च, दुसरी रांग.
वत्सलाबाई वाईट नव्हत्या.
म्हणाल्या, "केझिया, देवाला मन ऐकू येतं."
मी मनात म्हटलं, मग त्यालाच ऐकू दे,
बाकीच्यांना कशाला छळा.

त्याच महिन्यात पाळकांनी ती गोष्ट सांगितली,
धन्यानं सोपवलेलं नाणं
जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची.
सगळे त्याच्यावर रागावले.
मला तो ओळखीचा वाटला.
एकच नाणं असलं की माणूस मूठ उघडत नाही.
माझ्या मुठीत तर तेही नव्हतं,
असं मी धरून चालले होते.

बाप मूळचा साक्रीकडचा, थोमा अहिरे,
यार्डात चाकं तपासायचा.
लांब दांड्याचा हातोडा, बगलेत बॅटरी,
बावीस वर्षं रात्रपाळी.
आई टायफॉईडनं पडली त्या आठवड्यात
डबा घेऊन मी गेले.
कोळशाची मालगाडी उभी होती, संपता संपत नव्हती.
बाप पुढे: ठण. ठण. ठण.
मी मागे, कळण्याची भाकरी पोटाशी धरून.
ठण. ठण.
"अण्णा, ते मागचं चाक."
"काय व्हयनं?"
"बद्द वाजलं."
तो परतला. मारला. त्याला काही वेगळं वाटलं नाही.
पुन्हा मारला, जरा खाली.
मग गुडघ्यावर बसून बॅटरी लावली
आणि बराच वेळ उठलाच नाही.
केसाएवढी चीर होती.
शाबासकी दिली नाही. खडूनं फुली मारली,
हात पँटला पुसले,
आणि नर्स ताप सांगते तसं म्हणाला,
"तुले ऐकू येस."

घरी येताना रुळांच्या कडेनं एकच विचार:
म्हणजे चर्चच्या पेटीतला तो एक सूर,
सहा वर्षं दातात खड्यासारखा येणारा,
तो खरंच उतरलेला होता.
मी वेडी नव्हते.

(पेटी नीट झाल्यावर मला गाता आलं का? नाही.
कृपा लागते तेवढीच मिळाली,
आवाजाच्या वाटणीत माझं नाव नव्हतं.)

मग दर शनिवारी पॅसेंजरनं जळगाव,
जुन्या बाजारात रशीदचाचांचं दुकान, सरसाचा वास,
भिंतीवर उघड्या पडलेल्या पेट्या.
पितळेची पट्टी टोकाला घासली की सूर चढतो,
मुळाशी घासली की उतरतो.
एवढंच. पाच मिनिटांत सांगून झालं.
शिकायला चार वर्षं लागली.
अकरा पट्ट्या मी वाया घालवल्या,
बारावी घासताना रडत होते.
चाचा चष्म्यावरून म्हणाले,
"कान तो उसने दिया, हाथ तू कमा."
वत्सलाबाईंपेक्षा हे मला जास्त पटलं.
प्रार्थनेतही तेव्हापासून मी जरा कमी मागते
आणि कानस रोज पुसून ठेवते.

आता यावल, रावेर, फैजपूर,
केळीच्या बागांमधून भजनी मंडळांच्या पेट्या येतात,
ट्रॅक्टरवर, गोधडीत गुंडाळून.
नाताळच्या आधी चर्चची.
भाता उघडला की धूळ, झुरळ, एखाद्या वर्षी अक्षता.
सगळ्यांत वारा एकच फिरतो.

त्या चाकराचा विचार अजून येतो.
आमच्याकडची काळी माती पुरलेलं उगवून देते,
कपाशी, दादर, भुईमूग,
पण नाणं तेवढं तिला उगवता येत नाही.
मला त्याला सांगायचं होतं,
बाबा रे, रात्री जा तिथं, टाच आपटून बघ.
जिथं काही पुरलंय
तिथली जमीन वेगळी वाजते.

परवाच्या रविवारी दुसऱ्या रांगेत
एक पोरगी नुसते ओठ हलवत होती.
मार्थाबाईंची नात, शुलमिथ.
मला लगेच कळलं, कारण तिथून काहीच येत नव्हतं.
उपासना सुटल्यावर हाक मारली, जवळ बसवली,
विचारलं, काय आवडतं गं तुला?
"काही नाही," म्हणाली,
आणि खिडकीबाहेर कुणाच्या तरी बंद पडलेल्या मोटारसायकलकडे
मान वळवून
बघत राहिली.