सिन्स

म्हसरूळची शाळा, संध्याकाळचे सात.
बाकं पहिलीची, गुडघे हनुवटीला.
आज मी डॉक्टर;
गळ्यात कुणाच्या तरी इअरफोनची वायर.

"व्हेअर इज द पेन?"

पुस्तकात डोकं दुखतं.
मथुरा गांगुर्डे डोक्याकडे नेलेला हात
मध्येच थांबवतात,
उजवा अंगठा पुढे करतात.
"हिअर."
कात्रीच्या कडीचा वळ, निळसर.

हसणारा वर्ग गप्प.

"सिन्स व्हेन?"
हे पुस्तकात नव्हतं.
त्या शब्द शोधत राहिल्या.
बाहेर दिंडोरी रोडला पिकअपचा हॉर्न,
उद्याच्या बायका मोजायला आलेला.

"सिन्स... विरळणी."

सिन्स कुठे, फॉर कुठे,
फळ्यावर कालचंच होतं.
मी खडू खाली ठेवला.

मागून झुंबरबाई उठल्या,
"मी टू, डॉक्टर."
आणि रांग लागली.