तपकिरी ऊब

तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजात
दार क्रमांक चारच्या आत उणे अठरा.
बाहेर एप्रिल, डांबर चपलेला चिकटतं.
बावीस वर्षं या दोन ऋतूंच्या मधोमध
मी गाडी ढकलतोय:
मटार, मका, डब्यातला आमरस.

गाठ पहिल्यांदा सापडली न्हाव्याला.
कॉलरच्या आत, उजवीकडे.
वस्तरा थांबवून म्हणाला, "मामा, हे काय पोसलंय?"
दुखत नव्हती. बोटाखाली सरकायची
अढीतल्या चिकूसारखी.
ताजणे म्हणाला, ओझ्यानं येतं, मलाही आहे.
विमलनं हळद लावली, चुना लावला,
आणि मनात आलेला शब्द
पंधरा दिवस भाकरीसारखा थापत राहिली,
तव्यावर टाकला नाही.

वाशीला स्कॅनमध्ये
अख्खा मी काळा, आणि गाठ तेवढी पेटलेली.
डॉक्टर गप्प. मग सुई. मग अकरा दिवस.
विम्याची पावती, माथाडी बोर्डाचं पासबुक,
सगळं एका पिशवीत घालून
पिशवी खुंटीला लावून ठेवली.

"साधी आहे," केणी मॅडम म्हणाल्या, "पण दुर्मिळ.
हायबरनोमा. तपकिरी चरबी.
हिवाळाभर झोपणाऱ्या प्राण्यांना असते,
आणि तान्ह्या बाळांना, मानेत, खांद्यांमध्ये.
बाळाला कुडकुडता येत नाही ना,
ही जळते आणि त्याला ऊब देते.
मोठेपणी बहुतेक विरून जाते."
"थंडीत काम करतो, म्हणून?"
"नाही हो. तसं काही सिद्ध नाही."

सिद्ध नाही असं बरंच असतं.
मी पौषातला, सातव्या महिन्याचा,
जुन्नरच्या वरच्या अंगाची वाडी.
सुईण म्हणालेली, सकाळपर्यंत बघू.
सकाळ झाली.
आईनं श्रेय देवाला दिलं, सुईणीनं शेगडीला.
मानेतल्या चिमूटभर चरबीचं
कुणी नावही काढलं नाही.

काढल्यावर बरणीत दाखवली,
गूळ बाजारातल्या खड्याएवढी, त्याच रंगाची.
विमल म्हणाली, "घरी देतात का?"
हसलो, तर टाके ओढले.

सोमवारी दार चार उघडलं.
सगळ्यात आधी गार पडला तो व्रण.
मफलरला एक वेढा जास्त दिला.
गाडीचं दुसरं टोक धरत ताजणेनं विचारलं,
"हलकी वाटते का रे मान?"
"नाही," म्हटलं,
"उघडी वाटते."