छाट

करजगीकरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"पगार की शिष्यवृत्ती? आधी ते ठरवू."
नवी पेठेत, जिन्यावरच्या खोलीत, पंखा आवाज करत होता.
मी म्हटलं, सर, एकोणीस महिने काहीच येत नव्हतं,
तेव्हा कुणी विचारलं नाही.

त्या एकोणीस महिन्यांत
कन्ना चौकात नववीच्या पोरांना संयुजा शिकवली,
मेसचे पैसे रेणुकानं भरले, दोनदा,
आणि प्रयोगशाळेत चादरींच्या चिंध्या उकळत राहिले:
साबणात, सोड्यात, घामाइतक्या खारट पाण्यात.
कुठला लाल किती धुण्यांनी सुटतो,
पाच वर्षांचा माझा प्रश्न एवढाच.

मग मार्चच्या सत्तावीसला सगळे एकदम.
आकडा इतका लांब की उजवीकडून
एकं, दहं, शतं करत गेले.
संगणकाला वाटलं, ही बाई एका वर्षात श्रीमंत झाली.
नोटीस आली: पद्मजा नरसय्या गुंडेटी,
उत्पन्नाचा स्रोत स्पष्ट करावा.

"शिक्षणासाठी दिलेलं करमुक्त असतं," करजगीकर म्हणाले,
"पण हा घरभाडं भत्ता बघा. भत्ता म्हटलं की पगाराचा वास येतो.
तुम्ही शिकता की काम करता?"

दुसऱ्या वर्षाच्या चार तुकड्यांची प्रॅक्टिकल्स घेते.
मस्टरवर सही करते.
रजा नाही. फंड नाही.
वय एकतीस.
"शिकते," मी म्हटलं.
"मग तसं विद्यापीठाचं पत्र आणा.
माझी फी पंधराशे. पावती हवी तर जीएसटी वेगळा."

कुंभारीच्या घरकुलात अम्मा मांडीवर सूप घेऊन.
तिला तेलुगूत सांगायला गेले,
तर नोटिशीचे सगळे शब्द मराठीच निघाले,
आणि मराठीतले अर्धे इंग्रजी.
शेवटी म्हटलं: आधी कापून ठेवतात, मग तपासतात,
बरोबर असलं तर परत देतात.

"छाट म्हण की," अम्मा म्हणाली.
"आमचा चेकर कट्ट्यातून मूठभर बाजूला काढतो.
म्हणतो, पान फाटलंय.
पैसे कापतो. त्या विड्या पण विकतोच मेला."
पान कातरत राहिली. मग,
"पण तुझं परत देतात म्हणतेस?"

अर्ज भरा, म्हटलं, तर देतात.

ती हसली नाही.
नोटीस, पासबुक, अजून न आलेल्या पत्रासाठीचा रिकामा लिफाफा
नीट एकावर एक ठेवून
विडीच्या दोऱ्यानं दोन वेढे दिले
आणि अंगठ्यानं दाबून बघितलं,
सैल तर नाही ना.