ब्लोहोल

पार्सलातून ड्रॅगनचा पंख वाकडाच आला.
उकळत्या पाण्यात धरला, मऊ पडला,
सरळ करून गार नळाखाली
मोजून शंभर.

दिवसभर उद्यमनगरात कास्टिंगचे बर काढतो,
रात्री ह्याचे.
साच्याची रेघ तीच, मानेपासून शेपटीपर्यंत,
फक्त इथं ग्राइंडर नाही,
ओला पॉलिश पेपर
आणि तोंडाला रुमाल.
रेझिनची धूळ छातीत बसते म्हणे.
वाळूची बसलीच आहे.

सायकलच्या स्पोकचे तुकडे
खांद्यात घालून पंख जोडले.
मालन म्हणाली, "एवढं धूड ठेवणार कुठं?"
"मिक्सरशेजारी."
हसली नाही. सकाळी बघतो तर
मिक्सर सरकवलेला.

अस्तर काळं.
घशात मात्र तो रंग हवा होता
जो ओतताना लॅडलच्या कडेला दिसतो
पिवळ्याच्या पुढं, पांढऱ्याच्या अलीकडं,
पापणी लवली की गेला.
चार रात्री बशीत शोधला.
पाचव्या रात्री चुकून झाला.

डाव्या पंखाखाली ब्लोहोल निघालं,
मुगाएवढं.
कामावर असतं तर खडूची फुली
आणि माल भंगारात.
पुटीन बोटावर घेऊन बसलो,
वाळेपर्यंत.

मग कडेकडेनं रंगवत गेलो.
आत काळंच ठेवलं.