शेरा

पाचव्या मजल्यावरच्या संदर्भ-टेबलाशी मी बसतो.
खिडकीबाहेर सेंट जॉन्सचं बंदर, म्हणजे बहुतेक दिवस
नुसतं धुकं, आणि धुक्यात हंबरणारा भोंगा.
शोना पिटमन आली ती एप्रिलातल्या बर्फातून,
ओले बूट हीटरजवळ काढून, मोज्यांवरच.
बावीस वर्षं शाळेत शिकवून आता एम.एड.ला बसलेली.
मार्गदर्शकांचा कागद पुढे केला:
चाळीस संदर्भ, तज्ज्ञांनी तपासलेले,
शक्यतो गेल्या पाच वर्षांतले.
"आणि माझी शाळा," ती म्हणाली,
"बंद होऊन साठ वर्षं झाली."

विषय: बेटांवरच्या एकशिक्षकी शाळांमधली गळती.

गळती. किती सोयीचा शब्द.
जणू मुलं थेंब थेंब जमत होती छपराला
आणि खाली बादली ठेवायचं कुणी विसरलं.

शोध घेतला. अकरा हजार निकाल.
गाळले, चारशे. पुन्हा गाळले, नऊ.
नवांपैकी सहांना कुलूप, लेखामागे बेचाळीस डॉलर;
ते दुसऱ्या ग्रंथालयांकडून उसने मागवले.
उरलेले तीन एकमेकांचाच हवाला देत होते,
धक्क्यावर बसलेल्या तीन म्हाताऱ्यांसारखे:
याने त्याच्याकडून ऐकलेलं, त्याने याच्याकडून.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात.
मला पगार त्याचाच मिळतो.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, शब्द बदला.
त्या काळी कुणी गळत नव्हतं.
त्या काळी मुलं लागायची.
घरी लागायची, होडीवर लागायची,
मासे फळ्यांवर वाळत घालायला लागायची.
तिने तसं लिहून पाहिलं. यंत्र थबकलं,
मग एकच ओळ:
खोका सतरा, गॅनेट टिकल, हजेरीपट, १९३८ ते ४३.
सारांश नाही. लेखक नाही.

खोक्याला खारवलेल्या कॉडचा वास येतो, ती म्हणाली.
मला नुसती शिंक आली.

कारणांचा रकाना:
बर्फ. मासे. मासे. बूट नाहीत.
धाकटीला सांभाळतो. मासे.
बूट भावाकडे आहेत.

आणि अझाराया स्टकलेस, वय अकरा, याच्यापुढे
मे ते ऑक्टोबर गैरहजर, गैरहजर, गैरहजर,
काळ्या शाईत, ताठ, निरीक्षकाला दाखवण्याजोगं.
पण शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने, इतकं फिकट
की पान दिव्याकडे तिरकं धरावं लागलं:
'रात्री आला. दोन पानं वाचली.
हाताला माशाचं रक्त होतं, पान मी उलटलं.'

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा: 'आला. दीड पान. झोपला.'
मग फक्त: 'आला.'
मग पेन्सिल कुठेच नाही.

शोना बराच वेळ गप्प होती.
मग तिने दोन प्रश्न विचारले.
हा मुलगा हजर धरायचा की गैरहजर?
आणि याचा संदर्भ कसा द्यायचा?
नियमपुस्तिकेत पत्रांसाठी नमुना आहे, नकाशांसाठी आहे,
चित्रपटांसाठी, कायद्यांसाठी, हवामानाच्या तक्त्यांसाठी आहे;
दमलेल्या मास्तरणीच्या पेन्सिलीसाठी नाही.
मी सांगितलं: खोका, फाईल, पान. मग स्वल्पविराम.
मग 'पेन्सिल'.
पहिला प्रश्न माझ्या खात्यात येत नाही.

त्या वाचनकक्षात शाईला मनाई आहे,
म्हणून तिने पेन्सिलीनेच उतरवून घेतलं.
अर्ध्यात टोक मोडलं. मी शार्पनर सरकवला.
'उलटलं'च्या पुढे ती थांबली,
हात पुसले स्वेटरला, उगाचच,
ते स्वच्छ होते.

पाचला कक्ष बंद होतो.
मी दिवे एकेक मालवत आलो, तिचा ठेवला.
"चाळीसांतला एक झाला," ती म्हणाली,
"तोही कुणी न तपासलेला."
हीटरजवळचे बूट आता कोरडे होते.
ते घालायला ती वाकली
आणि थोडा वेळ तशीच वाकलेली राहिली,
नाड्या हातात धरून.