डावीकडे एक पायरी

ओव्हन मंदाकिनीचा.
आजवर त्यात नानकटाई,
आणि एकदा मध्यभागी खचलेला केक.
आज सँट्रोचा उजवा हेडलाइट,
ओल्या फळीवर, शंभर अंशांवर, बारा मिनिटं.
ती दारात, नाकाला ओढणी.
"काऊन, बाहेर कमी तापून राहिलं का?"
बाहेर शेहेचाळीस.
कूलरची खस वाळून कडबा झालेली.

काचेभोवतीचा काळा डिंक सैल झाला,
दोनतारी पाकासारखा लांबू लागला.
स्क्रूड्रायव्हर घातला. एक टोक. मग दुसरं.
बोटं पोळली, सोडलं नाही,
आणि काच एकदम हातात आली.
आत अठरा वर्षांची हवा होती
आणि एक मेलेलं पाखरू,
जे कुठून शिरलं ते कंपनीलाही सांगता आलं नसतं.

प्रोजेक्टर मानकापूरच्या भंगारातले.
इकरामभाईनं बनियनच्या चिंधीत बांधून दिले.
"जोडीचे नाहीत, साहेब.
एकेका गाडीचा एकेकच शाबूत होता."
कुठली गाडी, कुठलं वळण,
मी विचारलं नाही.
घरी भिंग पुसताना मात्र
स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिलो.

आतली चकचकीत वाटी करवतीनं कापली.
चंदेरी भुसा स्वयंपाकघरभर.
दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांत तो चमकला
असं मंदाकिनीचं म्हणणं.
माझं म्हणणं, मीठ होतं.

एम-सील. सिलिकॉन. आठ नट.
लावून झाल्यावर एक उरला.

रात्री साडेअकरा. ढोबळेंची कंपाउंडची भिंत,
पंचवीस फुटांवर, नुकती चुना मारलेली.
खडूनं आडवी रेघ ओढली, गाडीत बसलो,
बटण दाबलं.

उजेड भिंतीवर सरळ कापलेला.
वर मिट्ट, खाली दूध,
आणि डावीकडे एक पायरी चढलेली:
कडेनं चालणाऱ्यासाठी,
पाट्यांसाठी, बसून राहिलेल्या गाईसाठी.
उजवीकडे सपाट. समोरून येणाऱ्याच्या
डोळ्यांपर्यंत जायचंच नाही, असं ठरवलेला उजेड.
एक किंचित निळा, एक पिवळट.
आणि उजवा चार बोटं तिरपा.

ढोबळे लुंगीवर गॅलरीत आले.
"काय बे, पिक्चर दाखवून राहिला काय?"
आणि तिथंच थांबले.
मी बोनेटमध्ये डोकं घालून स्क्रू फिरवतोय,
वरून ते: "खाली. अजून. अजून जरासा.
हां... गेला ना राजा! परत वर घे."
दीड वाजला.
पार्किंगवरून चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं.
सकाळी जिन्यात भेटले,
पुन्हा बोलले नाहीत.

काटोल रोड, फेटरीच्या पुढे,
जिथं खांब आहेत आणि दिवे नाहीत.
याआधी सहा वर्षं मी जुन्या वाटीत
शंभर वॅटचे बल्ब घालून फिरलो,
आणि या रस्त्यावर समोरचे लोक
मला हात वर करायचे.
सायकलवाले, दूधवाले, एकदा एसटीचा ड्रायव्हर.
मीही करायचो.
वाटायचं, नोकरी फिरतीची,
चेहरा लोकांच्या ध्यानात राहिला असेल.

परवा एक सायकल आली, कॅन लटकवलेली.
उजेड तिच्या हँडलपर्यंत चढला
आणि थांबला.
शर्टाची दोन बटणं दिसली, तिसऱ्याजागी दोरा.
चेहरा अंधारात, त्याचा त्याच्याकडे.
हात हँडलवरच राहिले.
माझा तेवढा अर्धा उचलला गेला होता,
तो मी गियरवर ठेवला.

डावीकडच्या पायरीवर एक बाभूळ आली, गेली.
मैलाचा दगड. मग बराच वेळ काही नाही.

उजव्या काचेत पहाटे वाफ धरते अजून.
उरलेला नट डॅशबोर्डवर असतो.
वळण आलं की
इकडून तिकडे जातो.